पंतेलेइमोनचा कोपरा आणि फिदान्काची अँटेना

फिदान्का केहायोवाला कुणी "हे व्हायचं नाही" असं सांगितलं की ती आधी चष्मा काढते. एप्रनच्या टोकानं काचा पुसते, सावकाश, समोरच्याला ताटकळत ठेवून. मग चष्मा परत नाकावर चढवते आणि विचारते, "कुणाच्यानं व्हायचं न्हाय?"

आमच्या येलोवित्सात या चष्मा पुसण्याची सगळ्यांना धास्ती आहे. ती फक्त तालुक्याहून आलेल्या माणसाला ठाऊक नसते, आणि इंजिनियर पेंचेव्ह तालुक्याहून आला होता.

मार्च संपत आला होता. जुन्या शाळेच्या अंगणात बर्फ कुजून चिखल झाला होता. नगरपालिकेचा हा इंजिनियर बूट सांभाळत, दगडावरून दगडावर टांगा टाकत आला, शिक्षकांच्या जुन्या खोलीत शिरला, मोबाइल डोक्यावर धरून त्यानं स्वतःभोवती एक फेरा मारला आणि सांगून टाकलं, की भिंती दोन-दोन हात जाड आहेत, माळ्यावर पत्रा आहे, इथं सिग्नल शिरणार नाही. तसं कागदावर लिहितो.

ती खोली म्हणजे आमचा दवाखाना. शाळा बंद पडली, पोरं गेली, फळे चुलीत गेले, पण ही एक खोली नर्स बिसेरानं धरून ठेवली. एक पलंग, औषधाचं कपाट, आणि पूर्वेच्या कोपऱ्यात संत पंतेलेइमोनची तसबीर. रोग्यांचा कैवारी तो, त्यामुळं तिथं बसायचा त्याचा हक्कच. पण आता वरून हुकूम निघाला होता. गावोगावच्या अशा खोल्यांना हृदयाचा आलेख काढायचं यंत्र दिलं होतं. आलेख काढायचा आणि मोबाइलच्या सिग्नलवरून खाली डॉक्टरकडं पाठवायचा. जिथून तो जाईल ती खोली राहील, जिथून जाणार नाही ती जूनअखेर बंद.

खोली बंद म्हणजे चौतीस किलोमीटर घाट, आठवड्यातून दोनदा येणारी बस, आणि बर्फ पडला की तीही नाही. फिदान्काची आई, वेलिका आजी, अठ्ठ्याऐंशी वर्षांची. तिचं काळीज थंडीत चालू व्हायला कुरकुरणाऱ्या ट्रॅक्टरसारखं. दर मंगळवारी बिसेरा ते ऐकते, गोळी कमी-जास्त करते, आणि म्हातारी पुढच्या मंगळवारपर्यंत चालते. खोली गेली तर तिला तालुक्याला भाचीच्या चौथ्या मजल्यावर नेऊन ठेवणं एवढीच वाट उरत होती. त्यावर म्हातारीनं आधीच सांगून ठेवलं होतं, की मी या डोंगरावरून खाली उतरेन ती चौघांच्या खांद्यावरच.

तर फिदान्कानं चष्मा काढला, पुसला, चढवला.

"कुणाच्यानं व्हायचं न्हाय?"

"बाई, हा तांत्रिक प्रश्न आहे," पेंचेव्ह म्हणाला.

"मग मलाच इचारा की."

तो हसला. त्याचंही बरोबर होतं म्हणा. त्याच्यापुढं उभी होती एकसष्ट वर्षांची, रबरी बूट घातलेली, नुकती गाय पिळून आलेली बाई. वीस जूनला शेवटची तपासणी आहे, तोवर काय करायचं ते करा, असं सांगून तो पुन्हा दगडावरून दगडावर टांगा टाकत गाडीकडं गेला.

त्याला ठाऊक नव्हतं, की या बाईनं खाली टेलिफोनच्या कारखान्यात सोळा वर्षं डाग दिले आहेत. डाग म्हणजे तारांच्या सांध्यांवर कथलाचे डाग, दिवसाला सहाशे. मुकादम एकदा म्हणाला होता, महिन्याचा शेवट आहे, कच्चे सांधे पण पास कर. हिनं सही केली नाही. त्यानं हिला तीन महिने झाडूकामाला लावलं. हिनं तीन महिने झाडलं, पण सही केली नाही. पुढं कारखाना भंगारात गेला तेव्हा सगळे रिकाम्या हातानं दारातून बाहेर पडले. ही आपली डाग द्यायची सोल्डरिंगची इस्त्री आणि पक्कड एप्रनच्या खिशात घालून, खिसा फुगलेला दिसत असताना, पहारेकऱ्याच्या तोंडावरून चालत आली.

आणि रांगेलचं त्याला ठाऊक असायचं कारणच नव्हतं. रांगेल तिचा नवरा. सुट्टीच्या दिवशी गावात टीव्हीच्या अँटेना बसवायचा. चौऱ्याण्णवच्या जुलैत फुटबॉलचा विश्वचषक चालू होता, आपली माणसं जर्मनीशी खेळणार होती, आणि सामना सुरू व्हायला दहा मिनिटं असताना पडद्यावर नुसत्या मुंग्या. अर्धं गाव एका अंगणात कोंबलेलं. रांगेल ॲल्युमिनियमचा खांब घेऊन छपरावर चढला. छपराशेजारून बंद पडलेल्या लाकूडगिरणीची तार गेली होती. त्यानं विचारलं, तारेचं काय. खालून कुणीतरी ओरडलं, गिरणी बंद पडून वर्ष झालं, तार मेलेली आहे, चढ लवकर. कोण ओरडलं ते आजवर कुणी कबूल केलेलं नाही. तार मेलेली नव्हती.

सामना आपण जिंकला. फिदान्काला तो निकाल तीन दिवसांनी कळला.

शिडी अंगणातच आडवी पडून होती. पानगळीच्या सुमारास ती उचलून फिदान्का स्वतः अँटेना बसवायला लागली. बायकांनी अपशकुन म्हणून तोंडं वळवली. तिनं चष्मा पुसला. तेव्हापासून या डोंगरातल्या सात गावांत तिनं अँटेना बसवल्या, आणि एकदाही कुणाच्या घाईनं शिडीवर चढली नाही. लोक खाली थांबायचे, शिव्या घालायचे, राकिया प्यायचे, पुन्हा थांबायचे.

आता काम नव्या जातीचं होतं. टीव्हीचा सिग्नल नुसता पकडायचा असतो, मोबाइलचा पकडून आत सोडायचा होता. छपराच्या टोकाला बाहेर एक अँटेना, तिथून केबल खाली, मध्ये जोर वाढवणारा एक डबा, आणि डब्यातून खोलीतली पांढरी अँटेना, बायबलाएवढी, चपटी. पण असला डबा मोबाइल कंपनीच्या परवानगीवाचून लावता येत नाही. शेजारच्या टॉवरची वाट लागते. पुष्कळ लोक बाजारातून आणून गुपचूप लावतात. फिदान्का म्हणाली, चोरून लावलेलं ते एका कागदानं काढतील. त्यांच्या तोंडावर मारायचं तर त्यांच्याच शिक्क्याचं पाहिजे.

गावात फोन लागतो तो एकाच जागी, वरच्या झऱ्याच्या कट्ट्यावर, आणि तोही उभं राहून. त्यामुळं आमच्याकडं कुणाचं काही झाकलेलं राहत नाही. कुणाच्या पोराची माद्रिदमधली नोकरी गेली, कुणाची सून रुसली, सगळं पाण्याच्या घागरीबरोबर घरोघर जातं. फिदान्कानं तिथून कंपनीला अकरा वेळा फोन केला. तिथल्या साहेबाचं नाव गावातल्या मेंढपाळांनासुद्धा पाठ झालं. बाराव्या वेळी त्यानं परवानगीचा कागद आणि कंपनीच्या पसंतीचा डबा दोन्ही पाठवून दिलं. बहुधा सुटका व्हावी म्हणून.

छपरावरचं काम हायरी गवंड्याकडं. हायरी पलीकडच्या वाडीचा, दगडी पाट्यांच्या छपरावर मांजरासारखा चालणारा. बाहेरची अँटेना त्यानं टेकडीवरच्या टॉवरकडं तोंड करून बसवली, आणि आभाळातली वीज जमिनीत उतरवणारी तार पुरायची म्हणून फिदान्कानं त्याच्याकडून गुडघाभर खड्डा दोनदा खणून घेतला, कारण पहिल्यात खडक लागला होता. आत आल्यावर त्यानं ड्रिल उचललं.

"आक्का, मारू भोक?"

"भिंतीत काय हाय ते ठाव हाय तुला?"

"दगूड."

"आन् दगडात?"

हायरीनं ड्रिल खाली ठेवलं. तिनं भिंतीवर टेस्टर फिरवला, पक्कडीच्या मुठीनं टिचक्या मारत गेली, आणि जिथून विजेच्या तारा गेल्या होत्या तिथं खडूनं रेघा ओढल्या. मग म्हणाली, या रेघांच्या वितभर अलीकडं-पलीकडं ड्रिल टेकवायचं नाही.

बायका दारात उभ्या. त्यांच्यात आधीच पसरलं होतं, की त्या पांढऱ्या पेटीतून काहीतरी सुटतं आणि त्यानं डोकं धरतं, गाई आटतात. फिदान्कानं त्यांना हाकललं नाही. एवढंच म्हणाली, "चुलीपुढं बसता का चुलीत बसता? ही पण डोक्यापासनं दोन हात लांब ऱ्हाईल. पलंगाच्या वर न्हाय, खुर्चीच्या पाठीला न्हाय. चार भिंतीत बिनदिक्कत फिरा." आणि फीत टाकून, लाकडी पट्टी धरून, प्रत्येकीच्या डोळ्यांदेखत मोजलं.

खरी चांगली जागा खोलीच्या मधोमध होती. तिथल्या तुळईला शाळेच्या काळातल्या दिव्याचा आकडा होता. पण तुळईच्या कडेनं कापड गुंडाळलेली जुनी तार गेलेली, आणि तिची फ्यूजची पेटी बाहेरच्या बोळात, नगरपालिकेच्या कुलुपात. दवाखान्याची वीज वेगळी, नव्या मीटरवरची. जुन्या पेटीची किल्ली द्या म्हणून फिदान्कानं नगरपालिकेला दोन पत्रं लिहिली. उत्तर आलं नाही. ज्या तारेचं तोंड आपल्या हातात नाही तिच्या शेजारी काम करायचं नाही, हा तिचा नेम. म्हणून तिनं दुसऱ्या नंबरची जागा घेतली. ती म्हणजे पूर्वेचा कोपरा.

तिथं पंतेलेइमोन होता.

या तसबिरीची गोष्ट सांगायला हवी. पूर्वी शाळेतच टांगलेली असायची. सत्तेचाळीस साली नव्या कम्युनिस्ट राज्याचा शाळांमधून तसबिरी काढायचा हुकूम आला, तेव्हा वेलिका बारा वर्षांची होती. अंगणात ढीग घातलेल्या तसबिरींतून तिनं ही एप्रनखाली घातली आणि घरी जाऊन पिठाच्या पेटीत पुरली. चाळीसवर वर्षं संत पिठात होता. ते राज्य गेलं तेव्हा तिनं तो धुऊन-पुसून परत आणला आणि स्वतःच्या हातानं त्याच कोपऱ्यात खिळा ठोकला. परातीएवढी तसबीर, चेहरा आणि हात तेवढे रंगाचे, बाकी सगळी चांदीच्या मुलाम्याच्या पत्र्यानं मढवलेली.

फिदान्कानं ती काढून औषधाच्या कपाटावर बाजूच्या भिंतीला टांगली आणि कोपऱ्यात अँटेना बसवली. आईला सांगितलं. म्हातारी काही बोलली नाही. या घरात बायका बोलल्या तर बरं असतं.

अँटेना मात्र लागली. पलंगावर, कपाटाशी, खिडकीत, सगळीकडं मोबाइलवर चार काड्या. बिसेरानं एकदा स्वतःचाच आलेख काढून पाठवला आणि तो गेला. फिदान्कानं वहीत तारीख टाकली.

वीस जूनला सकाळपासून गाव धुतल्यासारखं झालं. अंगण झाडलं, खोलीत लोकरीचे गालिचे आले, टेबलावर बटाट्याचा पटाटनिक, चीज भरलेली बानित्सा, दह्याचं मडकं. पेंचेव्ह दहाला आला, सोबत फॉर्म भरणारी एक मुलगी. दारात पाव आणि मीठ पुढं झालं. त्यानं तुकडा मोडला, घड्याळ बघितलं, म्हणाला, मला बाराला दुसऱ्या गावात पोचायचंय. फिदान्का त्याला छपरावरची अँटेना, जमिनीत गेलेली तार, परवानगीचा कागद दाखवत बाहेरच होती. खोलीत ती शिरली ती सगळ्यांच्या मागून.

आलेख वेलिका आजीचाच काढायचा ठरला होता. ती पलंगावर आडवी, छातीवर चिकटवलेल्या तारा, चेहऱ्यावर राणीचा रुबाब. बिसेरानं बटन दाबलं. यंत्रानं कागद ओकला. मग पाठवायचं बटन. पडद्यावर एक गोल फिरत राहिला, आणि मग अक्षरं आली, की संदेश गेला नाही.

पुन्हा दाबलं. पुन्हा नाही.

तिसऱ्यांदा झालं तेव्हा पेंचेव्हनं पेनाचं टोपण काढलं. आवाज चढवला नाही. म्हणाला, "बाई, मी मार्चमध्येच सांगितलं होतं." आणि मुलीच्या हातातला फॉर्म स्वतःकडं ओढून घेतला.

फिदान्कानं कपाट उघडून आत बसवलेला डबा बघितला. हिरवे दिवे जागेवर. केबलचा सांधा बोटानं चाचपला, घट्ट. केबलवरून बोट फिरवत ती भिंतीनं वर, कोपऱ्याकडं गेली, आणि थांबली.

कोपऱ्यात पंतेलेइमोन होता. अँटेनाच्या बरोबर पुढं, भरतकामाचा पांढरा रुमाल दोन्ही खांद्यांवरून सोडलेला, चांदी घासून लखलखीत केलेली.

"आये, हे कुणी केलं?"

"म्या," पलंगावरून आजी म्हणाली.

"कवा?"

"सकाळी. तू गाईकडं व्हतीस तवा. बिसेराच्या इस्टुलावर चढले."

अठ्ठ्याऐंशी वर्षांची बाई, स्टुलावर. बिसेरानं डोक्याला हात लावला.

"पावणं येणार," आजी पुढं म्हणाली. "त्यास्नी काय त्यो पांढरा डबडा दावायचा? आन् त्यातनं काय काय सुटतंय म्हणत्यात. म्हटलं, संताच्या आड ऱ्हाऊ दे. त्यानं अडवलं म्हंजी कुणाला बाधायचं न्हाय."

"अडवलं की त्यानं," फिदान्का म्हणाली. "समदंच अडवलं. आंगावर पत्रा हाय त्याच्या, आये. पत्र्यातनं सिग्नल पार व्हत न्हाय."

हे ऐकून पेंचेव्हचा जीव जरा भांड्यात पडल्यासारखा दिसला. त्यालाही फुकट वाईट व्हायचं नव्हतं. म्हणाला, एवढंच ना, मग काढा ती तसबीर, दोन मिनिटांचं काम आहे. आणि स्वतःच कोपऱ्याकडं एक पाऊल टाकलं.

"हात तर लाव," आजी म्हणाली.

तो थांबला.

"तुझ्यावानीच एक कागदवाला आला व्हता. त्याच्या हातातबी असंच पेन व्हतं. त्यानं सरकारचं नाव सांगून काढला ह्याला." मग तिनं मान लेकीकडं वळवली. "आन् आता दुसऱ्यांदा माझी पोरगी काढणार असंल, तर आदी माझ्या छातीवरच्या ह्या तारा काढा. मला न्हाय धाडायचं काळीज कुठं. बंद करा दवाखाना. मरंन मी त्याच्याम्होरं."

आम्ही सगळे फिदान्काकडं बघत होतो. तसबीर उचलणं तिला काहीच जड नव्हतं. म्हातारी तारांनी जखडलेली, उठूही शकली नसती. आणि खोली वाचायची ती म्हातारीसाठीच. दुसरी कुणी असती तर उचलून मोकळी झाली असती आणि रात्री माफी मागितली असती.

फिदान्कानं चष्मा काढला. एप्रनच्या टोकानं पुसला. पुसताना तिची नजर तसबिरीवर नव्हती, वर तुळईवर होती.

"किल्ली काढा, साहेब," ती म्हणाली.

"कसली किल्ली?"

"बोळातल्या जुन्या पेटीची. दोन पत्रं लिवलीत म्या. अँटेना त्या आकड्याला लावते. संत कोपऱ्यात ऱ्हाईल."

पेंचेव्हनं वर बघितलं, घड्याळ बघितलं. मग समजावणीच्या सुरात सांगायला लागला, की ती तार शाळेच्या वेळची, शाळा बंद होऊन चौदा वर्षं झाली, किल्लीबिल्ली शोधत बसायला वेळ नाही. "मेलेली तार आहे ती, बाई. चढा आणि लावून टाका लवकर."

त्या शब्दांचं ओझं त्याला ठाऊक नव्हतं, आम्हाला होतं. हायरीनं शिडीवरचा हात काढून घेतला. खिडकीशी उभे असलेले दोन म्हातारे जमिनीकडं बघायला लागले. त्या अंगणात तेही होते.

फिदान्काचा आवाज मात्र जसा होता तसाच. "मेलेली हाय?"

"हो."

"मग तुमी चढा. मुठीत धरा ती तार. तुमी वरनं हाक मारली की मी तुमच्या घाईनं काम करते."

तो चढला नाही. पण फॉर्मही लिहिला नाही.

मग तिनं लाकडी शिडी स्वतःच मांडली. पायात रबरी बूट होतेच. एक हात पाठीशी बांधल्यासारखा मागं ठेवला, दुसऱ्या हातात टेस्टर. चार पायऱ्या चढली, तारेचं जिथं कापड झडलं होतं तिथं टोक टेकवलं. टेस्टरच्या पोटात लाल ठिणगी लागली आणि लागूनच राहिली.

फॉर्म भरणारी मुलगी हळूच म्हणाली, "साहेब, चालू आहे ती."

फिदान्का उतरली. पेंचेव्ह बाहेर गेला आणि गाडीतून किल्ल्यांचा जुडगा घेऊन आला. नववी किल्ली लागली. पेटीत उंदरांनी लोकर आणून घर केलं होतं. फिदान्कानं मुख्य खटका खाली ओढला, आत येऊन तारेवर पुन्हा टेस्टर लावला, मग पुन्हा पेटीशी जाऊन त्या तारेची दोन्ही टोकं सोडवली, वेगवेगळी गुंडाळली, पेटीला कुलूप घातलं आणि किल्ली जुडग्यातून काढून एप्रनच्या खिशात टाकली.

"आता मेली," ती म्हणाली.

पुढची चाळीस मिनिटं तिनं कुणाला दिली नाहीत. पेंचेव्ह म्हणाला, निदान डबा तरी चालू राहू द्या, नुसती अँटेनाच तर हलवायचीय. ती मान वर झटकून नाही म्हणाली. अँटेना सुटली आणि डबा चालू राहिला तर त्याचा जोर जायला वाट राहत नाही, स्वतःलाच जाळून घेतो. आणि चालू यंत्रावर माणसाचा हात ही तर तिच्या लेखी शिवीच. तिनं डब्याची पिन काढली, दिवे विझेपर्यंत थांबली, मग कोपऱ्यातली अँटेना मागून सोडवली. तसबिरीला धक्का लागू दिला नाही. हायरीनं ती दोन बोटांनी पुढं धरून ठेवली होती, आणि हायरी मशिदीत जाणारा माणूस, पण रुमालसुद्धा चुरगळू दिला नाही त्यानं. आजीचं त्याच्यावर लक्ष होतंच.

आकड्याला तिनं आधी लाकडाची फळी बांधली, फळीखाली अँटेना, तोंड जमिनीकडं. केबल कोपऱ्यावर दुमडली नाही. वेल वळतो तशी ऐसपैस वळवून तुळईवर नेली आणि हातहात अंतरावर पट्ट्या मारल्या. सांधा बोटांनीच आवळला, पक्कड लावली नाही. शेवटी फीत सोडून अँटेनापासून पलंगावरच्या म्हातारीच्या नाकापर्यंत मोजलं.

"लई हाय का?" आजीनं विचारलं.

"तुझं नाक लांब हाय म्हणून जरा कमी भरलं. पण पुरं हाय."

पेंचेव्ह खुर्चीवर बसला होता. पहिली दहा मिनिटं घड्याळ बघत, मग बिसेरानं पटाटनिक पुढं केला. दुसरा तुकडा त्यानं मागून घेतला.

फिदान्कानं पिन लावली. दिवे हिरवे झाले. बिसेरानं नव्यानं आलेख काढला, बटन दाबलं. गोल फिरला आणि थांबला. गेला.

कुणी टाळ्या वाजवल्या नाहीत. आम्हाला खात्री वाटेना. तेवढ्यात कुठंतरी फोन वाजायला लागला. सगळे खिडकीतून झऱ्याकडं बघायला लागले, कारण येलोवित्सात फोन तिकडंच वाजतो. बिसेराच्या खिशातच वाजतोय हे कळायला वेळ लागला. खाली तालुक्याचा डॉक्टर होता. त्यानं विचारलं, पेशंट आडवी आहे की डोंगर चढून आलीय, ठोके एवढे कसे.

बिसेरानं फोन आजीच्या कानाला लावला. आजी झऱ्यावर ओरडतात तशी ओरडली, "पोरीशी भांडत व्हते!"

डॉक्टरनं जे काय सांगितलं ते बिसेरानं लिहून घेतलं: सकाळची गोळी अर्धी वाढवायची, आलेख पुढच्या मंगळवारी पुन्हा, आणि स्टुलावर चढायचं नाही. शेवटचं त्याला कुणी सांगितलं होतं देव जाणे. आजीचा संशय आजतागायत बिसेरावर आहे.

पेंचेव्हनं फॉर्मवर "चालू" असं लिहिलं आणि सही केली. फिदान्कानं फॉर्म हातात घेऊन सगळा वाचला, मागची बाजूसुद्धा. मग शाळेच्या दारावर, जिथं आम्ही काळ्या चौकटीतले मयताचे कागद लावतो, तिथं वहीचं एक पान चिकटवलं. अँटेनापुढं धातूची कुठलीही वस्तू टांगू नये, केहायोवा. दुसऱ्या दिवशी त्याखाली पेन्सिलीनं, थरथरत्या अक्षरांत, आणखी एक ओळ आली: कोपऱ्यातल्या संताला कुणीही हात लावू नये. सही नव्हती. दोन्ही ओळी अजून आहेत.

त्या दिवशी पेंचेव्ह गाडीत बसला, किल्ल्यांचा जुडगा चाचपला आणि काच खाली घेतली. म्हणाला, बाई, पेटीची किल्ली राहिली तुमच्याकडं. ती नगरपालिकेची आहे.

फिदान्का फाटकाला टेकून उभी होती. "व्हय," ती म्हणाली. "पत्र लिवा. दोन लिवा."